लॅमिंग्टन रोडवर आवाजाची खरेदी

मुंबईला जायचं ठरलं, की आपली खरेदीची यादी ठरलेली असते. दादरला साड्या, भुलेश्वरला बांगड्या नि पूजेचं सामान, वेळ उरलाच तर मुलांसाठी राणीची बाग. लॅमिंग्टन रोडचं नाव या यादीत सहसा नसतं. तो विजेच्या सामानाचा, म्हणजे पुरुषांचा बाजार, असं म्हणून आपण तो घरातल्या मंडळींवर सोडून देतो. मैत्रिणींनो, माझं ऐकाल तर पुढच्या खेपेला तिथं स्वतः जा. दिवाणखान्यातले पडदे, सतरंज्या, बैठक आपण निवडलेली. संध्याकाळी कोण कुठं बसतं, कुणाला काय ऐकू येत नाही, हेही आपल्यालाच ठाऊक. मग त्या खोलीतला आवाज निवडायला दुसऱ्या कुणी का जावं?

आमचं घर सांगलीला, जुना वाडा. दिवाणखाना २४ फूट लांब, १६ फूट रुंद, वर तुळयांचं ११ फूट उंच छत, खाली शहाबादी फरशी. पाहुणे म्हणतात, "काय ऐसपैस आहे हो!" पण याच ऐसपैसपणानं आमच्या घरात एक अडचण करून ठेवली होती. सासूबाईंना टीव्हीवरचं बोलणं कळेनासं झालं होतं. आवाज वाढवला तर म्हणायच्या, "अगं, ओरडतात कशाला? काय म्हणतात ते कळू दे की!" पुढं पुढं त्या संध्याकाळी दिवाणखान्यात यायच्याच बंद झाल्या. जेवण झालं की आपल्या खोलीत, जपमाळ घेऊन. विचारलं तर "मला नाही बाई आवड" एवढंच. आता सांगलीसारख्या गावात, जिथं १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणलं, तिथं जन्म गेलेल्या आणि नाटकावर जीव असलेल्या बाईला आवड नाही, हे मला पटेना.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं ते तुम्हीही लक्षात ठेवा. वयानं कान मंदावतात ते सगळ्या आवाजांना सारखे नाही. आधी बारीक, उंच सूर जातात. स, श, फ, थ ही अक्षरं त्या बारीक सुरांत असतात. त्यामुळे आवाज वाढवला की अ, आ, ओ मोठे होतात, पण शब्द कळतोच असं नाही. डॉक्टरांनी कानयंत्र सुचवलं. त्याबरोबरच आमच्या चोवीस फुटी दिवाणखान्याला नीट आवाजाची जोड द्यायची असं ठरलं. माझे शिकवणीचे साठवलेले पैसे होते, भिशीही त्याच महिन्यात लागली. ह्यांनी रजा काढली आणि सासूबाईंनाही बरोबर घेऊन आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघालो. मुक्काम दादरला नणंदेकडे.

ग्रँट रोडला उतरायचं

दादरहून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल घ्यायची आणि ग्रँट रोडला उतरायचं. जलद गाडी तिथं थांबत नाही, हे विसरू नका. २०२५ पासून ग्रँट रोडला भुयारी मेट्रोचंही स्टेशन झालं आहे. स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलं की काही मिनिटांत लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव दिसेल डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे जुनंच नाव घेतात. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं ते नाव. साहेब गेला, नाव राहिलं!

रस्ता कसा आहे म्हणाल, तर आपल्या बोहारआळीत जशा भांड्यांच्या उतरंडी, तशा इथं वायरींच्या गुंडाळ्यांच्या उतरंडी. मीटरवर मोजून वायर देणारे, नुसती बटणं नि पिना विकणारे, जुन्या रिमोटचा जोडीदार शोधून देणारे, कॅमेरेवाले, कॉम्प्युटरवाले. फुटपाथवर चालताना डोक्याला लोंबत्या दिव्यांच्या माळा लागतात. एका जिन्यावरून लग्नाच्या मांडवातला कर्णा खाली येत असतो, तर दुसऱ्यावरून टीव्हीचं खोकं वर जात असतं. गर्दी आहे, पण भीती वाटावी असं काही नाही. "ताई, काय पाहिजे?" असं विचारतात, नको म्हटलं की दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात.

याच रस्त्यावर मिनर्व्हा थिएटर होतं. १९७५ साली 'शोले' तिथं लागला आणि पाच वर्षं चालला. मोठा ७० मिलिमीटरचा पडदा आणि चहूबाजूंनी येणारा आवाज ही त्याची नवलाई होती. चित्रपटात नाणं उडवलेलं खाली पडतं, तेव्हा प्रेक्षक आपल्याच खुर्चीखाली नाणं शोधायचे, असं जुने लोक अजून सांगतात. ते थिएटर आता उरलेलं नाही. पण तो नाण्याचा आवाज घरात आणायचा म्हणून आज लोक याच रस्त्यावर येतात, ही मोठी गंमत आहे.

खोक्यावरचे आकडे

खरेदीत दोन गोष्टी मुख्य. एक रिसीव्हर, म्हणजे टीव्हीतून आवाज घेऊन, त्याला जोर देऊन प्रत्येक स्पीकरकडे त्याचा त्याचा वाटा पाठवणारी पेटी. दुसरे स्पीकर. '५.१' असं ऐकाल, त्याचा अर्थ साधा आहे. समोर डावा, उजवा आणि मधला, मागं दोन, असे पाच. आणि पॉइंट एक म्हणजे ढगांचा गडगडाट, पखवाजाची धुम असे जाड आवाज काढणारा सबवूफर.

दुकानात शिरल्याबरोबर वॉटचे आकडे कानांवर आदळू लागतात. त्यांना भुलू नका. खोक्यावर पीएमपीओ म्हणून हजारांचा आकडा असेल तर तो वाचूच नका, त्याला काही अर्थ नाही. आरएमएस किती ते विचारा. आणि एक हिशेब मनात ठेवा. वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. दुपटीनं फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतकंच. ऐकणाऱ्याला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात.

त्यापेक्षा स्पीकरची 'सेन्सिटिव्हिटी' पाहा. एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, तो हा आकडा. ८८ चा स्पीकर १०० वॉटवर जेवढा बोलेल, तेवढाच ९१ चा स्पीकर ५० वॉटवर बोलतो. कमी तेलात फोडणी नीट बसणारी कढई असते ना, तसंच हे. मोठ्या खोलीत हा फरक फार कामाचा, कारण लांब बसणाऱ्यापर्यंत पोचेतो आवाज विरत जातो. साधारण ३००० घनफुटांच्या वर खोली मोठी समजतात. लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणा. आमची आली ४,२२४. अशा खोलीला पुढं उभे, उंच टॉवर स्पीकर बरे. शेल्फवरचे छोटे तिथं धापा टाकतात.

रिसीव्हरवर "१०० वॉट, ७ चॅनेल" असं लिहिलेलं असतं. खालची बारीक अक्षरं वाचा. बहुतेकदा तो आकडा दोनच चॅनेल चालू ठेवून मोजलेला असतो, सगळे एकदम बोलू लागले की प्रत्येकाचा वाटा कमी होतो. आणखी दोन गोष्टी मी विचारून घेतल्या. 'प्री-आउट' आहे का, म्हणजे पुढंमागं जोर कमी पडला तर वेगळा अँप्लिफायर जोडता येईल. आणि खोली मोजायचा माइक बरोबर येतो का. हा माइक बसण्याच्या जागी ठेवला, की रिसीव्हर एकेका स्पीकरमधून आवाज सोडून अंतर नि पातळी आपली आपण जुळवतो.

छतातल्या आवाजाचाही आग्रह झाला. वर तोंड करून ठेवायचे स्पीकर असतात, त्यांचा आवाज छताला आपटून खाली येतो. त्यासाठी छत सपाट हवं. आमच्या तुळयांच्या छतावर तो आवाज विखुरणार, म्हणून तो खर्च मी तिथंच वगळला. विक्रेता म्हणाला, "ताई, तुम्ही तयारी करून आलाय!" तयारी कसली, आपल्या घराचं छत आपल्याला ठाऊक नसावं का?

सासूबाईंची परीक्षा

माडीवरच्या एका दुकानात ऐकायची वेगळी खोली होती. विक्रेत्यानं हौसेनं मारामारीचा चित्रपट लावला. गाड्या उडाल्या, काचा फुटल्या, खुर्ची हादरली. सासूबाईंनी कानांवर पदर घेतला. हे मात्र खूश! मी पेनड्राइव्ह काढून दिला. त्यात तीन गोष्टी भरून नेल्या होत्या. आकाशवाणीच्या मराठी बातम्या, ज्या मालिकेत बोलण्यामागं सतत संगीत वाजतं तिचा एक प्रसंग, आणि 'संगीत सौभद्र'चं जुनं ध्वनिमुद्रण. टेपनं बारा फूट मोजून, घरी जेवढ्या अंतरावर त्यांची आरामखुर्ची असते तेवढ्यावर खुर्ची मांडली आणि सासूबाईंना बसवलं.

आता यातली खरी गोम सांगते. चित्रपटातलं नि मालिकेतलं बहुतेक बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं. सगळे लोक पैसे घालतात उंच टॉवरवर आणि दणदणाटावर, आणि मधला घेतात उरलेल्या पैशांत. ज्या घरात म्हातारं माणूस आहे, त्या घरानं मधला आधी निवडावा. आम्ही तीन मधले स्पीकर एकाच पातळीवर आवाज ठेवून ऐकले. ही पातळीची अट घालाच, कारण जो थोडा मोठ्यानं वाजतो तोच कानाला चांगला वाटतो.

पहिला ऐकून सासूबाई म्हणाल्या, "ही बाई हंड्यात तोंड घालून बोलतेय." दुसऱ्याला म्हणाल्या, "हिचा स टोचतो कानाला." तिसऱ्याला काहीच बोलल्या नाहीत. डोळे मिटून बातम्या ऐकल्या आणि शेवटी म्हणाल्या, "कुठल्या धरणातून पाणी सोडलं म्हणे, ऐकलंत का रे?" झाला निकाल! तो तिसरा दुसऱ्यापेक्षा स्वस्त होता, आणि वॉटही त्याचे कमीच.

मग पुढचे डावे-उजवे त्याच मालिकेतले घेतले. तिघे एकाच घराण्याचे हवेत. नाहीतर पडद्यावर माणूस चालत डावीकडून मध्ये येतो आणि त्याचा आवाज बदलतो. किराण्याच्या गायकानं धरलेली तान आग्र्याच्या गायकानं संपवावी तसं होतं. मागचे दोन लहान चालतात. ठरलेल्या रकमेचा निम्मा वाटा पुढच्या तिघांवर घातला. पैसे मात्र लगेच दिले नाहीत. एक रात्र मध्ये जाऊ द्यावी, हा साडीखरेदीतला नियम इथंही चांगला.

ऑपेरा हाउसमधली संध्याकाळ

लॅमिंग्टन रोड दक्षिणेकडे चालत गेलं की ऑपेरा हाउसचा चौक लागतो. रॉयल ऑपेरा हाउसची ती देखणी इमारत आपण बसमधून कितीदा पाहिलेली असते. १९११ साली बांधकाम पुरं व्हायच्या आत पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते तिचं उद्‌घाटन झालं. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, पृथ्वीराज कपूर हे सगळे या रंगमंचावर येऊन गेले. मग चित्रपट आले, १९९३ साली दारं बंद झाली, आणि दुरुस्ती होऊन २०१६ साली ती पुन्हा उघडली. त्या संध्याकाळी तिथं गाण्याचा कार्यक्रम होता. तिकिटं मिळाली, म्हणून आत जाता आलं.

मैत्रिणींनो, आवाजासाठी खोली कशी असावी हे तिथं नुसत्या डोळ्यांनी कळतं. भिंती सपाट नाहीत, नक्षीनं भरलेल्या. बाजूला सज्जे. खुर्च्या गुबगुबीत, पडदे जाड. माइक होता, पण आवाज मोठा नव्हता. शब्द मात्र शेवटच्या अक्षरापर्यंत पोचत होता. सासूबाई शेजारी मान डोलवत होत्या. याच्या उलट उदाहरण हवं तर विजापूरचा गोलघुमट आठवा. शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनी तिथं टाळी वाजवलेली असते. १६५६ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या त्या दगडी घुमटाखाली एका टाळीच्या कितीतरी टाळ्या होतात. गंमत म्हणून ठीक आहे, पण तिथं बसून बातम्या ऐकता येतील का? आपल्या फरशीच्या, उघड्या भिंतींच्या दिवाणखान्यात थोड्या प्रमाणात तेच होत असतं. पहिला शब्द विरायच्या आत दुसरा येतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात.

यावरचा उपाय शोधला गेला तोही गाद्यांनी, हे ऐकून तुम्हाला मौज वाटेल. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात बांधलेल्या एका व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्द साडेपाच सेकंद घुमत राही, कुणाला काही कळत नसे. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकानं रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या, थोड्या थोड्या मांडून घुमारा किती कमी होतो ते मोजलं, आणि सकाळच्या आत गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवल्या. खोलीतल्या आवाजाचं शास्त्र या गाद्यांवर उभं राहिलं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. रिकामा वर्ग कसा घुमतो आणि मुली येऊन बसल्या की माझा आवाज कसा बसका वाटतो, याचं कारण मला तेव्हा कळलं. माणसंसुद्धा आवाज पितात.

घरी आल्यावर

दुसऱ्या दिवशी पैसे दिले, पक्कं बिल नि गॅरंटीची कार्डं घेतली. सामान ट्रान्सपोर्टनं यायला चार दिवस लागणार होते. तेवढ्यात मी खोली हातात घेतली. मधोमध जाड सतरंजी, त्यावर लोड-तक्के. खिडक्यांचे पातळ पडदे काढून दुहेरी, चुण्या घातलेले लावले. समोरच्या उघड्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. आईच्या हातची गोधडी मागच्या भिंतीवर टांगली. ह्यांना ते आधी विचित्र वाटलं, आता येणारा प्रत्येक जण तिचंच कौतुक करतो. टाळी वाजवून पाहिली. पूर्वी 'टण्ण' असा उत्तराचा आवाज यायचा, तो बराच बसला होता. या सगळ्याला खर्च काय, तर पडद्यांचं कापड तेवढं.

मधला स्पीकर टीव्हीच्या खाली, पण कपाटाच्या आत ढकलून नाही. कडेला आणून, खाली रबरी बूच देऊन, तोंड सासूबाईंच्या कानाकडे किंचित वर. मागचे दोन बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा फूटभर उंच. सबवूफरची जागा शोधायची युक्ती आमच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांना फार आवडली. सबवूफर तेवढ्यापुरता बसायच्या जागेवर ठेवायचा, पखवाज लावायचा आणि खोलीभर रांगत फिरायचं. जिथं धुम साफ नि मोकळी ऐकू येईल, तिथं सबवूफर ठेवायचा. कोपऱ्यात तो जास्त गरजतो, पण आवाज चिखलासारखा होतो.

शेवटी रिसीव्हरमध्ये मधल्या स्पीकरची पातळी ३ डेसिबलनं वाढवली. रात्रीसाठी एक सोय असते, ती मोठे आवाज दाबते नि बारीक उचलते. तीही चालू केली. कानयंत्र आलं आहे, सासूबाई ते कधी लावतात, कधी विसरतात. सगळं ऐकू येतं असं नाही. भराभर बोलणारी नवी मुलं त्यांना अजून कळत नाहीत. पण साडेसात वाजले की त्या येऊन आरामखुर्चीत बसतात, आणि मालिकेतल्या सासूचं काय चुकलं ते मला समजावून सांगतात. हे ऐकून घेणं हासुद्धा खर्चाचा भाग आहे, बरं का!

जाण्यापूर्वी एवढं करा

खोलीची लांबी-रुंदी-उंची, टीव्हीपासून बसण्याचं अंतर आणि दारं-खिडक्या दाखवणारा साधा नकाशा कागदावर काढून न्या.

रविवारी लॅमिंग्टन रोडवरची बरीच दुकानं बंद असतात. मधल्या वारी, सकाळी जा. निवांत ऐकू देतात.

आपल्या ओळखीचे आवाज बरोबर न्या. ज्याला कमी ऐकू येतं त्या माणसालाही न्या.

वायर लांब जाणार असेल तर जाड घ्या, निखळ तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर नको.

टीव्हीला 'एआरसी' लिहिलेली एचडीएमआय जागा आहे का ते घरूनच पाहून जा. असली की टीव्हीचा आवाज एका वायरीत रिसीव्हरकडे जातो.

गावात विजेचा दाब वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर घ्या. आणि रिसीव्हरवर भरतकामाचा रुमाल घालू नका. तो तापतो, त्याला वर चार-सहा बोटं मोकळी हवा लागते. रुमाल टीपॉयवर घाला.

आणि खरेदी आटोपली की तसंच गिरगावापर्यंत चालत जा. गरम थालीपीठ आणि वर पियूष घ्या. दिवसभर कानांनी काम केलेलं असतं, थोडं जिभेलाही मिळू द्या.